पाठमोरी

"उद्या तुझ्या आईचा दहावा. हार सांगून ठेवलाय, पण तो घालायचा कशाला?" आत्या म्हणाली. "तिचा एक बरासा फोटो काढ बघू."

शलाकाने कपाटातले खोके पलंगावर उपडे केले. फोटोंना तोटा नव्हता. भाकरी थापणारे हात, भेगाळलेल्या टाचा, ओले केस पंच्यात गुंडाळून पाठमोरी बसलेली आई. याच फोटोंनी शलाकाचं नाव केलं होतं. चेहरा न दाखवता माणूस उभा करते, असं लोक प्रदर्शनात म्हणायचे. आई मात्र दर वेळी मान वळवून विचारायची, "तोंड नको का गं?" आणि शलाका दर वेळी म्हणायची, "हलू नकोस. इकडे बघू नकोस."

आत्याने सगळा ढीग चाळला आणि टाचांचा फोटो हातात धरून ती खाली बसली.

"एवढी वर्षं कॅमेरा घेऊन तिच्या मागेच होतीस की," ती म्हणाली. "कधी पुढे आलीच नाहीस?"

शेवटी आत्यानेच झेरॉक्सच्या दुकानातून आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. काळपट, धुरकट. दहाव्याला त्यालाच हार घातला.

सगळे नमस्कार करून गेल्यावर शलाका फोटोसमोर उभी राहिली. पदर सावरून, ओठांत जरासं हसू धरून आई थेट समोर बघत होती. कुणा परक्या माणसाने तिला एवढंच म्हटलं असेल, "मावशी, इकडे बघा."