खालचा नमदा

बसा, पाहुणे. त्या निळ्या नमद्यावर, लोकरीच्या त्या जाड बैठकीवर, ऐसपैस मांडी घाला. चहा गार होऊ देऊ नका. एक गोष्ट सांगतो. खोटी वाटली तर शेवटी बोला, मधे तोंड घालू नका.

अशीच बसली होती बुरूल, तुम्ही बसलाय तशी, आणि मान मोडेपर्यंत वर बघत होती. नऊ वर्षांची पोर. वर आभाळात तांबडा नमदा चालला होता. त्यावर काल्बूबू मावशी, आणि मावशीच्या कमरेला मिठी मारून बुरूलची धाकटी बहीण बेगाइम.

मावशी ढग कातरायला जायची. आपण मेंढी कातरतो तसं. आधी पोट, मग पाठ. बेगाइम पोतं धरायची. संध्याकाळी खाली उतरली की तिच्या खिशातून पाणी गळायचं. ताईसाठी ढगाचा तुकडा आणलेला असायचा, पण खाली येईतो नुसता ओला खिसा उरायचा. बुरूलला वाटायचं, ही मुद्दाम करते. जळवायला.

नमदे दोन होते. आमच्याकडं ते एकट्यानं जन्माला येतच नाहीत. तांबडा निळ्यावर ठेवायचा आणि सुरीनं दोन्हीतून मेंढ्याच्या शिंगांची नक्षी एकदमच कापायची. मग तांबडी शिंगं निळ्यात शिवायची, निळी तांबड्यात. एक चिंधी वाया जात नाही, आणि जुळे नमदे तयार. मावशी तांबड्यावर बसून उडायची. निळा कुरणात अंथरायची, त्यावर बुरूलला बसवायची आणि बजावायची, आम्ही येईपर्यंत इथनं हलायचं नाही.

मलाच का खाली, असं बुरूलनं किती वेळा विचारलं. मावशी म्हणायची, बेगाइम हलकी आहे. झालं. दहा दिवस बुरूलनं आपल्या वाट्याचे बोरसोक, पिठाचे ते तळलेले गोळे, कुत्र्याला घातले. कुत्रं फुगून पिंप झालं, बुरूलच्या गालांची हाडं वर आली, तरी मावशी म्हणाली, तू बस.

मग एक दिवस मावशीनं बेगाइमला नवे कोरे बूट घातले आणि सरोवरावरचा मोठा ढग कातरायला घेऊन गेली. थोडा वेळ ते बूट वर जाताना बघितले बुरूलनं. मग एकाएकी कंटाळाच आला. उन्हाळाभर जळून जळून पोर थकली होती. म्हणाली, उडा, मला काय त्याचं. नमद्यावरून हलली नाही, सांगितलेलं मोडणारी नव्हतीच ती. नुसती पाठ फिरवली. खिशातून मेंढीच्या घोट्याची हाडं काढली आणि एकटीच खेळायला लागली. डाव रंगला. चांगलं वाटलं तिला, खरंच चांगलं वाटलं.

तेवढ्यात शेजारी धप्पकन काहीतरी पडलं. मावशीचा बूट.

बुरूलनं वर बघितलं. तांबडा नमदा दगडासारखा सरोवराकडं येत होता. मावशी एका हातानं कात्री सांभाळत होती, दुसऱ्या हातानं बेगाइमला. बेगाइमनं मावशीच्या कोटात तोंड खुपसलं होतं. आणि बुरूलच्या मनात पहिलं काय आलं सांगू? बुडतानासुद्धा हीच मांडीवर. मी नाहीच.

असा हेवा तिला जन्मात वाटला नव्हता. आणि नमदा पाण्याच्या वर वीतभर थांबला.

मावशी एका पायात बूट घालून लंगडत आली. ओरडली नाही. बुरूलसमोर बसली, म्हणाली, "जळायची थांबलीस होय गं?"

बुरूल म्हणाली, म्हणजे?

"अगं, नमदा काय माझ्या मंतरानं उडतो? खाली कुणालातरी वर उडणाऱ्यावर डोळा ठेवून जळावं लागतं. तुझ्यासारखं जळणारं माणूस मला सात खोऱ्यांत मिळालं नाही."

बुरूलनं लगेच व्यवहार मांडला. मग आता मी वर आणि ही खाली. मावशी हो म्हणाली. बेगाइम निळ्यावर बसली, बुरूल तांबड्यावर. बेगाइम टाळ्या पिटायला लागली, माझी ताई उडणार, माझी ताई उडणार. त्या पोरीच्या अंगात हेवा औषधालासुद्धा नव्हता. नमदा बोटभरही उठला नाही. दुपारभर प्रयत्न केले. शेवटी बेगाइम रडायला लागली, "ताई, मला नाही गं येत." ह्याचासुद्धा बुरूलला हेवा वाटला.

मग पुढं कितीतरी उन्हाळे बुरूल खाली बसली आणि बेगाइम उडाली. कधी पडली नाही.

मावशी गेली, नमदे बुरूलकडं आले. आता तिला बहात्तरावं लागलंय. तिला एकदा तरी उडवावं म्हणून घरातल्या झाडून सगळ्यांनी त्या निळ्यावर बसून बघितलं. मुलांनी, सुनांनी, बेगाइमनं तर दरवर्षी. जमत नाही. आमचा जीव आहे तिच्यावर, हेवा कुठून आणायचा?

तुम्ही परके आहात म्हणून सांगतो. मघापासून दाराबाहेर तांबड्यावर बसलीय ना म्हातारी, नवे बूट घालून, ती तीच. तिचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत आहेत. नातवंडं तिच्या एका हाकेत येतात. एवढं सरोवर रोज उठून तिच्या दारात. बघा तिच्याकडं, पाहुणे, आणि तेवढं जरा जळा तिच्यावर.