आमरसातले गोळे

मोबाईलवर बघून चेतनाने उकळत्या आमरसात कणकेचे गोळे शिजवले आणि तिथेच ती फसली. सासूबाईंनी, म्हणजे झमकूबाईंनी, वाटी चाटूनपुसून खाल्ली आणि नाक मुरडलं, "गोळे कच्चे ऱ्हायले. उद्या परत कर." दुसऱ्या दिवशी वेलची जास्त झाली, तिसऱ्या दिवशी रस पातळ. आठ दिवस आंबे पिळून पिळून चेतनाचा जीव मेटाकुटीला आला. नवव्या दिवशी तिने वाटी त्यांच्यापुढे आदळलीच.

"आज काय बिघडलंय, तेवढं सांगून टाका!"

झमकूबाईंनी शेवटचा गोळा सावकाश संपवला. "काय न्हाई. आज लई भारी जमलंय."

"अहो, कालच्यासारखंच तर केलंय!"

"व्हय. पण उद्या आर्द्रा नक्षत्र लागतंय. आपल्या जैनांत आंबा बंद. आता कशाला नावं ठेवू?"