आता लागला?

नवऱ्याचं घर सोडून लेक परत आली, त्या दिवसापासून बाबांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. आज ते जुन्या मोटरसायकलच्या टाकीखाली हात घालून एकेक वायर हलवून बघत होते. हेडलाइट मधेच लागायचा, मधेच जायचा. वाकल्यावर तो त्यांना दिसेना. लेक मुकाट्याने समोर येऊन उभी राहिली.

"लागला?" त्यांनी नाइलाजाने विचारलं.

"लागला."

"आता?"

"गेला."

हँडलजवळची वायर आतून तुटलेली निघाली. त्यांनी ती जोडून वर टेप गुंडाळली. मग हँडल कसंही वळवलं तरी दिवा जाईना.

बाबा पुन्हा वाकले.

"आता?"

"लागलेलाच आहे, बाबा. झालं की काम."

"असू दे. थांब तू. जायची घाई करू नकोस."