साबणाचा फेस

त्र्याहत्तर साली सांगलीच्या डेपोतून ऑक्सिजनची सिलिंडरं भरलेली निघायची आणि शिराळ्यापर्यंत अर्धी व्हायची. मॅनेजर चिंतामणरावांचा संशय हमाल आकारामवर होता. एका सकाळी ते मुद्दाम मागच्या दारानं आले, तर आकाराम पाना घेऊन व्हॉल्व्हवर वाकलेला. त्यांनी त्याचं मनगट धरलं. “सापडलास! कोणत्या गॅरेजला विकतोस गॅस?” आरडाओरड्यानं ड्रायव्हर, कारकून गोळा झाले. आकारामनं मनगट सोडवलं नाही. दुसऱ्या हातानं साबणाची ओली वडी व्हॉल्व्हभोवती फिरवली. फेसातून टपोरे बुडबुडे वर आले. “आवं सायेब, चोरत न्हाई, आवळतोय. वायसर बदलल्यापास्नं सगळीच गळत्यात. नवं वायसर तुमच्या मेव्हण्याच्या दुकानातलं. पावन्यांचं नाव कसं घ्यायचं, म्हनून रोज गुमान आवळत हुतो.” मघाशी आकारामवर खिळलेल्या नजरा चिंतामणरावांकडे वळल्या. त्यांनी अंगठ्यानं फेस पुसला. बुडबुडे पुन्हा आले.