मऊ बॅगा

फेब्रुवारी २००९. अबुधाबीतल्या कंपनीने सूर्यकांतला काढून टाकलं, त्याला पंधरा दिवस झाले होते. आणखी पंधरा दिवसांत व्हिसा खलास, म्हणजे घरातल्या सगळ्यांनीच देश सोडायचा. तरी तो रोज सकाळी टाय लावून, छायाने भरलेला डबा घेऊन निघायचा आणि दिवसभर किनाऱ्यावर बसून ओळखीच्यांना फोन लावायचा. जो तो "इन्शाल्ला, कळवतो" म्हणायचा.

संध्याकाळी घरी लेकीने लॅपटॉपवर तुर्कस्तानचा नकाशा उघडून ठेवलेला असायचा. मे महिन्यात तिथे आठवडाभर शिडाची बोट भाड्याने घ्यायची, हे दिवाळीतच ठरलं होतं.

"बाबा, धिस वन हॅज थ्री केबिन्स! घेऊया ना?" अवनी विचारायची.

"घेऊया की," तो म्हणायचा. नाही म्हटलं असतं, तर कारण सांगावं लागलं असतं.

आज तो परतला, तर कपाटावरच्या चारही मोठ्या बॅगा हॉलमध्ये काढलेल्या. छाया देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा खणात गुंडाळून त्यातल्या एका बॅगेत ठेवत होती.

"अगं, बोटवाल्यांनी मेलमध्ये स्पष्ट लिहिलंय, असल्या कडक बॅगा चालत नाहीत. घडी होणाऱ्या मऊ बॅगाच लागतात. आणि मेची तयारी आत्तापासून कशाला?"

तिने वर पाहिलं नाही.



"बोटीसाठी काढल्याच नाहीत. पंधरा दिवस तुमचा डबा घासतेय मी, रोज तळाशी वाळू निघते."