कडू दूध

दवण्याचं जनुक टोचून घेतल्यापासून वैजूचं दूध कडूजहर झालं होतं. डासांच्या तापावर बाळांना आता तसलं दूध हेच औषध उरलं होतं. पण बाळ तिला ओरबाडायचं आणि मोठ्या काकूकडे, वैजूच्या जाऊबाईंकडे, झेपावायचं. काकूने सुई घेतली नव्हती; तिचं दूध अजून गोड होतं.

"ये रे, तुझी आई वैरीणच आहे," जाऊबाई त्याला पदराखाली घेत म्हणाल्या.

"शेजारचं बाळ गोड दूध पिऊनच तापाने गेलं, जाऊबाई." दूध तोडायला लावतात तसा कडुलिंब वाटून वैजूने वाटी पुढे केली. "हा तुम्ही लावा."

जाऊबाईंचं हसू मावळलं. त्यांनी पदराआड लेप लावला.

थू थू करत बाळ परतलं, नव्या दातांनी वैजूला कडकडून चावलं आणि रडत रडत पिऊ लागलं. दोन्हीकडे कडूच, तर निदान आईचं.