अर्धा रानहंस

'ही वेबसाइट कायमची बंद करायची?' असं लॅपटॉपने विचारलं होतं आणि आस्लाकचं बोट 'हो'वर टेकलं होतं. तेवढ्यात फेरीबोटीतल्या पुढच्या बाकावर एक बाई त्याच्याकडे पाठ करून बसली आणि तिच्या डाव्या खांद्यामागे त्याला स्वतःची चूक दिसली.

निळ्या स्वेटरवर गळ्याभोवती पांढरे रानहंस एकामागोमाग उडत होते. शेवटच्याची नुसती चोच आणि मान होती. त्यामागे अंगच नव्हतं.

आस्लाकने बोट उचललं. पोटासाठी तो बँकेचे प्रोग्रॅम लिहायचा. स्वेटरचा नमुना काढून देणारी ही वेबसाइट म्हणजे घरचा रिकामा उद्योग. माप टाका, पक्षी निवडा, कुठल्या टाक्याला कुठला रंग ते ती सांगणार. तपासताना पठ्ठ्याने फक्त स्वतःचं माप टाकून पाहिलं होतं. रुंद मापांना हिशेब चुकतो आणि शेवटचा पक्षी मधेच कापला जातो, हे त्याला फार उशिरा कळलं. त्याने ते गुपचूप दुरुस्त केलं, पण मनाला लागलं ते वेगळंच. एवढी ढळढळीत चूक, आणि एकाचीही तक्रार नाही? म्हणजे तिकडे कुणी फिरकलंच नव्हतं. "लोक मासे धरतात, तू टाके धर," असं बायको रग्ना चिडवायची, तेव्हा तोही हसायचा. आज मात्र आवरतं घ्यायचं ठरवून बसला होता.

आणि इथे त्याच चुकीवर कुणीतरी लोकर खर्ची घातली होती! तिला विचारायलाच हवं होतं.

पण बोलायचं कसं? फ्योर्डच्या खाडीवरच्या फेरीबोटीत अनोळखी माणसाशी बोलायचं, तर आधी बोट तरी बुडायला हवी. त्याने लोणी-साखर लावलेली गरम स्वेले, म्हणजे जाडसर गोड घावन, आणली, खाल्ली, बोटं चाटली. पलीकडचा किनारा जवळ आला. आता सगळे खाली आपापल्या गाड्यांत जाऊन बसणार. त्याने घसा खाकरला. मग पुन्हा एकदा, जरा मोठ्याने.

"सर्दी झालीय का?" बाईने मागे न बघताच विचारलं.

"नाही. तुमचा तो... शेवटचा हंस अर्धाच आहे."

"माहितेय मला." ती वळली. चेहरा वाऱ्याने रापलेला, डोळे मिश्कील. "वडिलांनी विणलाय. जन्मात कधी सुई धरली नव्हती. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मासेमारी बंद. घरात बसून सगळ्यांना खायला उठायचे नुसते. मग कुठल्याशा वेबसाइटवर बघून बघून हे केलं. शेवटाला आले, तर हंसच पुरा होईना!"

"मग उसवलं नाही?"

"मी म्हटलं की, उसवा. तर म्हणाले, 'कशाला? येतोय तो. जरा मागे पडलाय इतकंच.' स्वतः तेव्हा काठी टेकत चालत होते."

आस्लाकला हसू आलं आणि डोळेही भरून आले. "आणि तक्रार? त्या वेबसाइटवाल्याकडे?"

"तक्रार कसली? मुद्दामच ठेवलाय असं वाटलं आम्हाला. वडिलांचं बघून निम्मं गाव विणायला बसलं. ज्याच्या पाठीवर अर्धा हंस, तो आमच्याकडचा." ती पुढे झुकली. "आता नातवाचा, माझ्या पोराचा, स्वेटर घेतलाय. तोही माझ्यासारखाच आडव्या अंगाचा. तर त्या मेल्या वेबसाइटवाल्याने हंस पुरा करून टाकलाय! म्हातारा रुसून बसलाय, सुई हातात घेत नाही. कोणाला सुचलं असेल हे शहाणपण?"

भोंगा वाजला. लोक उठले. बाईने खिशातून गाडीची किल्ली काढली आणि जिन्याकडे निघाली.

आस्लाकने लॅपटॉपवर 'नाही' दाबलं.

"अहो, वडिलांना म्हणावं, संध्याकाळी परत बघा," तो मागून ओरडला. बोटीवरची सगळी माणसं वळून बघायला लागली, तरी थांबला नाही. "तोवर आलेला असेल!"

"कोण?"

"तो मागे पडलेला."